परक्या भूमीतील घरपण : परदेशी शिकणारे मराठी विद्यार्थी (१८८३ ते १९३२)

परदेशी शिक्षणाचा मराठी इतिहास आपण बहुधा पदव्यांच्या क्रमाने लिहीत आलो आहोत. कोण कोणत्या वर्षी गेले, कोणत्या विद्यापीठात शिकले, कोणती पदवी घेऊन परतले आणि परतल्यावर त्यांनी कोणते कार्य केले, ही माहिती चरित्रग्रंथांतून विपुल प्रमाणात मिळते. त्या पदवीच्या काळात हे विद्यार्थी राहिले कुठे, जेवले काय, थंडीत त्यांनी काय पांघरले, आजारपणात त्यांच्या उशाशी कोण बसले आणि आपल्या भाषेत बोलण्यासाठी त्यांना कोणी मिळाले की नाही, हे प्रश्न मात्र चरित्रकारांनी प्रसंगोपात्त हाताळले आहेत. इतिहासलेखनाच्या दृष्टीने त्यांना दुय्यम मानण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत निबंधाची भूमिका अशी की, हे प्रश्न दुय्यम नाहीत. अन्न, वस्त्र, निवारा आणि नात्याची हाक या चार गोष्टींभोवतीच परदेशी शिक्षणाचा खरा झगडा झाला. या झगड्याचा माग घेतला असता ‘घर’ या कल्पनेविषयी आपण जे गृहीत धरतो ते पुन्हा तपासून पाहावे लागते.

यासाठी मी १८८३ हे वर्ष आरंभबिंदू मानतो. त्या वर्षी दोन मराठी स्त्रिया शिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला. दुसऱ्या टोकाला १९३२ हे वर्ष घेतले आहे, कारण त्या वर्षी लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली आणि एकेकाळी एकट्यादुकट्याने सोडवावा लागलेला प्रश्न संस्थेच्या हाती आला. या अर्धशतकातील सर्व विद्यार्थ्यांचा परामर्श घेणे येथे शक्य नाही. ज्यांची पत्रे, आत्मपर लेखन किंवा विश्वसनीय चरित्रे उपलब्ध आहेत अशा मोजक्या व्यक्तींपुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

१

समुद्रगमनाचा निषेध हा मुळात भूगोलाचा प्रश्न नव्हता. समुद्रापलीकडे गेलेला माणूस कोणाच्या हातचे खातो आणि कोणाच्या पंक्तीला बसतो, हे जातीला कळत नाही आणि त्यावर तिचा ताबाही चालत नाही, ही त्यामागची खरी अडचण होती. म्हणूनच परतलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे. मोहनदास गांधी १८८८ मध्ये लंडनला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना बहिष्कृत केले. आईने मात्र मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेववून त्यांना निरोप दिला. अन्न हा घराशी राखलेला करार होता आणि तो परदेशात एकट्याने पाळावयाचा होता. लंडनमध्ये अर्धपोटी राहिल्यानंतर फॅरिंग्डन रस्त्यावर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा झालेला आनंद गांधींनी आत्मकथेत मनमोकळेपणाने वर्णिला आहे. पुढे त्यांनी लंडनला येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिकाही लिहून ठेवली आणि आठवड्याला एक पौंडात तेथे नीट राहता येते, असे तिच्यात प्रतिपादन केले. घरापासून दूर राहण्याचे शास्त्र या काळात असे अनुभवातूनच घडत होते.

मराठी समाजात या प्रश्नाला किती धार होती, याची कल्पना १८९० च्या पुणे येथील पंचहौद मिशनच्या चहाप्रकरणावरून येते. मिशनच्या आवारात चहा पुढे ठेवला गेला, एवढ्या कारणावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला सामोरे जावे लागले. पुण्यातल्या पुण्यात एक पेला चहा जर इतका महाग पडत असेल, तर फिलाडेल्फियातील किंवा वाँटेजमधील रोजच्या जेवणाचा हिशोब कसा मांडायचा, हा प्रश्न १८८३ मध्ये गेलेल्या दोघींपुढे किती कठीण असेल हे सहज ध्यानात यावे.

२

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला आणि या दुःखातून वैद्यक शिकण्याची इच्छा बळावली, हे सर्वश्रुत आहे. अमेरिकेत पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना तो योगायोगाने वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि दोघी एकमेकींना पाहण्यापूर्वीच पत्रांतून एक नाते तयार झाले. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानत.

या ‘मावशी’ शब्दाकडे अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. मराठी कुटुंबव्यवस्थेत मावशीचे स्थान विशेष आहे. ती आईची बहीण, पण आईसारखी शिस्तीची जबाबदारी तिच्यावर नसते. सासरच्या माणसांत ती मोडत नाही आणि माहेरची ऊब तिच्याजवळ असते. परक्या देशातील परक्या धर्माच्या स्त्रीला बसवायला याहून योग्य जागा मराठी नात्यांच्या कोशात सापडली नसती. बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच आनंदीबाईंनी अमेरिकेत एक माहेर निर्माण करून ठेवले होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या जाण्याची कारणे सांगितली. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आहार आणि पोशाख बदलणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. एप्रिलमध्ये त्या निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. उन्हाळा रोझेलला कार्पेंटर कुटुंबात गेला. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

येथून श्रीरामपूरच्या त्या वचनाची कसोटी लागली. महाविद्यालयाने राहण्यासाठी दिलेल्या खोलीतील शेगडी सदोष होती. पेटवली तर खोली धुराने भरे, न पेटवावी तर थंडी अंगात शिरे. थंडी आणि धूर यांपैकी एकाची निवड करणे एवढेच त्यांच्या हाती होते, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे कॉलेजच्या डीन राशेल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी राहायला नेले. पोशाखाचा प्रश्नही असाच बिकट होता. नऊवारी लुगडे कासोट्याने नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात, आणि पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात हे परवडण्यासारखे नव्हते. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. त्यामुळे पाय झाकले जात आणि पोशाख हिंदी तो हिंदीच राहत असे. वरवर पाहता ही तडजोड लहान वाटते. पण आपण काय सोडायचे आणि काय राखायचे याची सीमारेषा एक अठरा वर्षांची मुलगी स्वतःच्या विचाराने आखत होती, हे येथे दिसते. पतीची संमती, गावाची निंदा आणि स्वतःची प्रकृती या तिन्हींचा मेळ तिला घालायचा होता, आणि पतीचे उत्तर यायला कित्येक आठवडे लागत.

१८८५ च्या ऑक्टोबर महिन्यातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी वेशातील सीरियाच्या सबात इस्लांबूली शेजारी शेजारी दिसतात. छायाचित्रासाठी देशी वेश करून बसलेल्या या तीन विद्यार्थिनींकडे पाश्चात्त्य कुतूहलाच्या नजरेने पाहिले गेले, यात शंका नाही. तरीही ज्या हिवाळ्यांना तोंड देत तो वेश टिकवला होता त्यांची आठवण ठेवून आनंदीबाईंच्या साडीकडे पाहिले, तर तिचा अर्थ बदलतो. ती केवळ शोभेची राहत नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. या समारंभासाठी गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. त्या दिवसांत डीन बॉडलींच्या परिचितांना एका अमेरिकी शहरात मराठी बोलणे कानी पडले असेल. मात्र क्षयाने आनंदीबाईंना आधीच ग्रासले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक स्वीकारून त्या परतल्या, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर होता.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांचे स्मारक उभे राहिले. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणून परतण्याचे वचन पाळणाऱ्या स्त्रीच्या अस्थींना परक्या देशातील ‘मावशी’च्या कुलात जागा मिळाली. मानलेले नाते मृत्यूनंतरही मानले गेले, याचा हा लेखी नव्हे तर दगडातला पुरावा आहे.

३

पंडिता रमाबाईंची कथा याच वर्षी सुरू होते, पण तिची दिशा वेगळी आहे. त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघात राहिल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मानस श्रवणदोषामुळे पुरा झाला नाही. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये त्या शिकल्या आणि त्यांनी संस्कृत शिकविलेही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. आनंदीबाईंनी मावशी जोडली, रमाबाईंनी आजी जोडली. नात्याच्या हाकेशिवाय परकी माणसे आपली होत नाहीत, असा दोघींचा समान अनुभव दिसतो.

परंतु आजीचा अधिकार मावशीच्या मायेहून भारी असतो. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यातील पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आणि धर्मांतरानंतरच्या रमाबाईंचे अंतरंग अभ्यासकांपुढे खुले झाले. त्रैक्याच्या तत्त्वावरील वादासाठी तो बहुधा वाचला जातो. मात्र त्यात अन्नाचाही वाद आहे आणि तो तितकाच गंभीर आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडी घातलेले पुडिंगही त्या खात नसत. ख्रिस्ती झाल्यावरही ही बंधने पाळणे म्हणजे जातीचा गर्व आणि जुना पूर्वग्रह होय, असे त्यांच्या इंग्रज हितचिंतकांना वाटे. रमाबाईंचे उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. आपल्याला हिंदू म्हटलेले आवडते, कारण आपण हिंदू आहोतच, आणि पूर्वजांचे रीतिरिवाज शक्य तितके आपण पाळतो, असे त्यांनी लिहिले. एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिने आपले रिवाज बदलले नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला चालेल काय, असा प्रतिप्रश्नही त्यांनी केला.

या उत्तराचे ऐतिहासिक महत्त्व असे की, रमाबाईंनी येथे धर्म आणि घर यांची फारकत केली. धर्म बदलला म्हणून जिभेची सवय, बालपणीचे संस्कार आणि आईवडिलांची आठवण बदलत नाही, आणि ती बदलावी असा आग्रह धरणे हे धर्मप्रसाराचे नव्हे तर साम्राज्याचे लक्षण आहे, हे त्यांनी अचूक ओळखले. मायदेशी त्यांच्यावर धर्मभ्रष्टतेचा ठपका येत होता आणि विलायतेत हिंदुपणाचा. दोन्ही बाजूंच्या मधली जागा त्यांना स्वतःच तयार करावी लागली.

ती जागा पुढे एका संस्थेच्या रूपाने प्रत्यक्षात आली. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथाला डीन बॉडलींची प्रस्तावना होती आणि आनंदीबाईंचे स्मरण त्याच्या मुळाशी होते. या ग्रंथामुळे अमेरिकेत मदत उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या तारखेलाच, मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे राहणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपापल्या जेवणाखाण्याचे नियम पाळण्याची मोकळीक होती. सदनाची सनातन्यांनी पुढे जी निंदा केली ती येथे प्रस्तुत नाही. वाँटेजमध्ये जेवणाच्या टेबलावर स्वतःचे ताट राखण्यासाठी भांडलेल्या विद्यार्थिनीने पुढे वसतिगृह काढले, तेव्हा प्रत्येकीच्या ताटाचा मान राखला, या दोन गोष्टींत संबंध पाहणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि एकाकी विद्यार्थ्याच्या जागी विद्यार्थ्यांचा समूह आला. श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे इंडिया हाउस स्थापन केले, ते १ जुलै १९०५ रोजी उघडले. त्याचा पहिला हेतू विद्यार्थ्यांच्या निवासाचा होता. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्याला खोली मिळणे सोपे नव्हते. मिळाली तर घरमालकिणीच्या तऱ्हा आणि बेचव जेवण सोसावे लागे. इंडिया हाउसमध्ये आपल्या माणसांची संगत मिळे आणि आपल्या चवीचे अन्न मिळे.

विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये श्यामजींच्या शिष्यवृत्तीवर तेथे आले. पुढची तीनेक वर्षे या घरात मराठीत बरेच लेखन झाले. मॅझिनीच्या चरित्राचे भाषांतर, १८५७ च्या उठावाचा इतिहास आणि ‘काळ’, ‘विहारी’ या पत्रांसाठी पाठविलेली लंडनची बातमीपत्रे ही सारी या काळातली. साहित्याच्या अभ्यासकाला यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. परदेशात असताना सावरकरांनी मायदेशी वाचकांसाठी सातत्याने मराठीत लिहिले. ज्या भाषेत लिहायचे तिचा वाचक समोर नाही, तो समुद्रापलीकडे आहे, ही जाणीव त्यांच्या या काळातील गद्याला एक वेगळी निकड देते. १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली ‘सागरास’ ही कविता याच ताणातून आलेली आहे. तिची लोकप्रियता देशभक्तीमुळे आहे हे खरे, पण घराच्या ओढीने व्याकूळ झालेल्या विद्यार्थ्याचे मन तिच्या तळाशी आहे, हे विसरता कामा नये.

इंडिया हाउसच्या इतिहासातून आणखी एक गोष्ट उघड होते. विद्यार्थ्याचे घरपण हा सरकारच्या चिंतेचा विषय झाला. १९०७ मध्ये ली-वॉर्नर समितीने इंग्लंडमधील हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी केली. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीचा वध केल्यानंतर इंडिया हाउस टिकले नाही. त्याच सुमारास विद्यार्थ्यांना माहिती आणि साहाय्य देणारे सरकारी कार्यालय सुरू झाले. त्याचा पत्ता २१, क्रॉमवेल रोड असा होता. दोन्ही पत्त्यांत क्रॉमवेलचे नाव यावे हा योगायोग आहे. पण त्यांतील विरोध योगायोगाचा नाही. एका क्रॉमवेलवर विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपले घर उभे केले होते, दुसऱ्या क्रॉमवेलवर सरकारने त्यांच्यासाठी घर मांडले. राहण्याची चांगली सोय झाली की तरुण राजकारणापासून दूर राहतील, असा हिशोब त्यामागे होता. विद्यार्थ्यांनी या कार्यालयाकडे संशयाने पाहिले ते साहजिकच होते. ऊब हवी असते, पण ती देणारा हात कोणाचा हेही पाहावे लागते, हा धडा रमाबाईंनी वीस-पंचवीस वर्षे आधीच गिरवला होता.

५

येथवरच्या विवेचनात एक गृहीत दडलेले आहे. घर म्हणजे सुखाची जागा आणि परदेश म्हणजे तिचा अभाव, असे ते गृहीत. हे गृहीत मोडते ते भीमराव आंबेडकरांच्या अनुभवाने. म्हणून या निबंधात त्यांना मी शेवटी घेतले आहे. कालानुक्रम हे त्याचे एकमेव कारण नाही.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले. दरमहा साडेअकरा पौंड मिळत आणि त्यांतून घरीही पैसे पाठवावे लागत. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये ते प्रथम राहिले, पण तेथील जेवण रुचले नाही. काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये काढून ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासह राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी भथेनांनी त्यांना आर्थिक साहाय्यही केले.

जेवण रुचले नाही ही तक्रार आनंदीबाईंच्या आणि गांधींच्या तक्रारीसारखी दिसते. पण तिच्यापुढचे वाक्य वेगळे आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत बाबासाहेबांनी लिहिले आहे की, युरोप आणि अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पुसली गेली होती. इतर विद्यार्थी परदेशात जे हरवले म्हणून झुरत होते, त्यातील पंगत, पाणवठा आणि शेजार बाबासाहेबांना मायदेशी कधी मिळालेच नव्हते. ते त्यांना न्यूयॉर्कच्या वसतिगृहात मिळाले.

१९१७ मध्ये ते परतले आणि करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. पुढची हकीकत त्यांच्याच शब्दांत वाचावी अशी आहे. येथे तिचा सारांश देतो. बडोद्यात हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. म्हणून एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना खोली सोडावी लागली. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती गृहस्थाकडे आश्रय मागितला, तोही मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत काही तास काढले. न्यूयॉर्कमध्ये एका पारशी मित्राने ज्याला खोलीत बरोबरीने वागवले, त्यालाच मायदेशी पारशी विश्रांतिगृहातून बाहेर पडावे लागले, हा विरोधाभास कोणत्याही भाष्याहून बोलका आहे. पारशी समाज हे त्याचे कारण नव्हे. जातीची हवा किती दूरवर पसरलेली होती याचे ते निदर्शक आहे.

१९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. या काळातील एक तपशील चरित्रकार धनंजय कीर यांनी दिला आहे. घरमालकिणीकडची न्याहारी अपुरी असे, दुपारच्या जेवणाला पैसे नसत आणि दिवस ग्रंथालयात जाई. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की, एका परिचिताने दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून ते खात आणि पेलाभर दूध घेत. मग वाचन पुढे चाले.

हे चार पापड या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आपण त्यांना सहजपणे घरच्या आठवणीचे प्रतीक ठरवून मोकळे होऊ शकतो. परंतु त्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. चव ही देहाची असते आणि ती माणसाबरोबर कुठेही जाते. समाज हा मात्र सोडून जाता येतो, आणि काही जणांच्या बाबतीत सोडून जाणे हेच सुटकेचे साधन ठरते. पापडाची चव बाबासाहेबांना आपली होती. ज्या समाजाच्या स्वयंपाकघरात पापड लाटले जातात त्या समाजाने मात्र त्यांना आपले मानले नव्हते. आनंदीबाई आणि रमाबाई यांच्यापुढे प्रश्न होता तो आपले घर परदेशात टिकवण्याचा. बाबासाहेबांपुढे प्रश्न होता तो परदेशात मिळालेले माणूसपण मायदेशी आणण्याचा. परदेशी शिक्षणाचा इतिहास लिहिताना हे दोन्ही प्रश्न एकाच मापाने मोजले, तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले ते १० क्रमांकाचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तेथे स्मारक उभे केले. विद्यार्थ्याची भाड्याची खोली समाजाच्या श्रद्धेचे स्थान होते, याचे मराठी इतिहासात दुसरे इतके ठळक उदाहरण मला आठवत नाही.

६

१९२० मध्ये लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी वाय. एम. सी. ए. चे वसतिगृह सुरू झाले आणि १९३२ मध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. सण, मराठी बोलणे आणि ओळखीचे पदार्थ यांसाठी एक निश्चित जागा मिळाली. आनंदीबाईंनी ज्या गोष्टी एकटीने, पत्रांच्या आधारे आणि प्रकृतीची किंमत मोजून जमवल्या, त्या पुढच्या पिढ्यांना वर्गणी भरून मिळू लागल्या. ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि मंडळे स्थापन झाली म्हणून मूळ प्रश्न संपला, असे म्हणता येत नाही. मंडळात जमणारे घर कोणाचे असते, त्यातील सण कोणाचे आणि स्वयंपाक कोणाचा, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अनुभवाने विचारून ठेवलेला आहे. परदेशातीलच नव्हे, तर महाराष्ट्राबाहेरील भारतीय शहरांतील मराठी मंडळांच्या इतिहासालाही तो लागू पडतो.

साधनांविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. वरील विवेचन प्रामुख्याने पत्रे आणि आत्मपर लेखन यांवर आधारलेले आहे. घरी लिहिलेले पत्र हे अर्धे सांगणारे आणि अर्धे झाकणारे असते. काळजी वाटू नये म्हणून आजार लपवला जातो, हेका दिसू नये म्हणून तक्रार मऊ केली जाते. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे मराठी चरित्र लिहिले आणि कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजी चरित्र लिहिले. दोघींच्या निवडीत आणि स्वरात जो फरक आहे तो या झाकलेल्या भागाकडे निर्देश करतो. एकीला मराठी वाचकापुढे आनंदीबाईंचे हिंदुपण आणि कर्तृत्व मांडायचे होते, दुसरीला अमेरिकी वाचकापुढे एक असामान्य विद्यार्थिनी उभी करायची होती. दोन्ही चरित्रे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय फिलाडेल्फियातील त्या धुराच्या खोलीपर्यंत पोचता येत नाही.

एकूण विवेचनातून तीन निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, परदेशी विद्यार्थ्यांनी घरपण मुख्यत्वे वस्तूंनी उभे केले नाही. त्यांनी ते नात्याच्या हाकांनी आणि भाषेने उभे केले. मावशी, आजीबाई, खोलीतला मित्र आणि मायदेशी वाचकासाठी लिहिलेले मराठी ही त्याची साधने होती. दुसरा असा की, घरपण देणारी प्रत्येक सोय निर्हेतुक नव्हती. भगिनीसंघाच्या मायेत धर्माची अपेक्षा होती आणि सरकारी सोयीत राजकीय हेतू होता. ही मदत घ्यायची, पण तिच्या मोबदल्यात आपले किती द्यायचे हे आपण ठरवायचे, हे भान त्या काळच्या जाणत्या विद्यार्थ्यांनी दाखवले. तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. घराची ओढ ही सर्वांना सारखी नसते, कारण घर सर्वांना सारखे मिळालेले नसते. मराठी विद्यार्थ्यांच्या परदेशवासाचा सविस्तर इतिहास अजून लिहिला जायचा आहे. तो लिहिणाऱ्याने पकीप्सीची अस्थिसमाधी आणि बडोद्याची कामाठी बाग ही दोन्ही स्थळे आपल्या नकाशावर एकत्र ठेवावीत, एवढीच अपेक्षा.